फोर बाय फोर घेऊ का, मिस्त्री?

हा प्रश्न मला वर्षातून दोनदा येतो. एकदा मृग लागला की, आणि दुसऱ्यांदा दिवाळी आटोपली की. मृगातला विचारणारा गावातला असतो. कापसाचे पैसे हातात असतात, वावरापर्यंत जाईल अशी गाडी घ्यायची असते. दिवाळीनंतरचा फोन करतो. पोरगा आमच्याच तालुक्यातला, पण बसलेला असतो कॅनडात नाहीतर अमेरिकेत, आणि त्याच्या खिडकीबाहेर मोसमातला पहिला बर्फ पडलेला असतो. दोघांचं विचारणं मात्र एकच. "मिस्त्री, फ्रंट व्हील घेऊ, का फोर बाय फोर?" म्हणजे पुढची दोनच चाकं ओढणारी गाडी घेऊ, का चारही ओढणारी.

माझं गॅरेज दारव्हा तालुक्यात, रस्त्याला लागून. तीस वर्षं झाली त्याला. बर्फ मी उभ्या जन्मात चार दिवस पाहिला, त्यामुळे त्याचा मोठा जाणकार असल्याचा आव आणणार नाही. पण पकड न देणाऱ्या जमिनीवर चाक काय करतं, हे शिकायला काळ्या मातीसारखी शाळा नाही. शिवाय माझी पुतणी कॅनडात मॉन्ट्रियलला नर्स आहे, आणि तिच्या गाडीचे तीन हिवाळे मी व्हिडिओ कॉलवर पाहिलेत. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून काढतो. पुढच्या मृगात हेच वाचायला देईन, तेवढंच माझं तोंड वाचेल.

विचारणाऱ्याला मी आधी उलटं विचारतो, "गाडी फसते कुठं? आणि सालातून किती दिवस?" इथं बरेचजण गप्प होतात. कारण गाडी फसते म्हणून फोर बाय फोर हवी असते असं थोडंच आहे? शेजाऱ्यानं घेतली, हेही कारण असतंच. त्याला माझी ना नाही, पण मग मिस्त्रीला कशाला विचारायचं?

आता ओढीचं बघू. अॅम्बेसेडर, पद्मिनी, जीप या सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. १९८३ साली मारुती ८०० आली आणि आपल्याकडच्या साध्या माणसाच्या हाती पुढची चाकं ओढणारी गाडी पडली. ती यवतमाळात दिसायला लागली तेव्हा मी एका वस्तादाकडे पाने उचलून देणारा पोऱ्या होतो. गाडीखाली शिरून मी आश्चर्यानं सांगितलं की हिला मागं जाणारा शाफ्टच नाही. वस्ताद विडी न काढता म्हणाले, "मंग? बंडीले बैल पुढंच जुंपतेत न बाप्पा. यात नवं का हाय?"

बैल पुढं जुंपण्याचा फायदा आहे, पण खरा फायदा वजनाचा. अशा गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढच्या चाकांवर बसलेले असतात. गाडीच्या वजनातला साठेक टक्के भार तिथंच. ज्या चाकांना ओढायचं आहे तीच जमिनीवर दाबलेली, म्हणून निसरड्यात पुढची चाकं ओढणारी गाडी मागून ढकलणारीपेक्षा बरी चालते. उलट बघायचं असेल तर पावसाळ्यात रिकामं पिकअप बघा. मागचा भाग कसा नाचतो! त्यातच सरकीची चार पोती टाका, शहाण्यासारखं चालायला लागतं. बर्फाच्या मुलुखातही मागून ढकलणाऱ्या गाडीच्या डिकीत लोक वाळूच्या पिशव्या टाकून ठेवतात. पुढच्या ओढीची अडचण चढावर येते. चढ लागला की भार मागं सरकतो, पुढची चाकं हलकी पडतात आणि जागच्या जागी भिरभिरतात. तेवढं एक ठिकाण लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मग चारही चाकं ओढणारी घेतली की प्रश्न मिटला? नाही. कारण दोन चाकांच्या मधे एक डिफरन्शियल असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, आतल्याला कमी. ती सोय हे यंत्र करतं. पण त्याची एक खोड आहे. दोन्ही चाकांना ते सारखाच जोर देतं, कमी न जास्त. बंडीचं जू आठवा. दोन्ही बैल ओढतात तोवर जू सरळ राहतं. एकानं पाय घसरून अंग सोडलं की जू तिरपं होतं, आणि दुसरा कितीही ताकदीचा असला तरी त्याचा जोर वाया जातो. तसंच एक चाक गाऱ्यात, म्हणजे चिखलात, हवेसारखं फिरायला लागलं की कोरड्या जागेवरच्या चाकालाही तेवढाच मरतुकडा जोर मिळतो. ट्रॅक्टरवाल्यांना हे सांगावं लागत नाही. त्यांच्या टाचेखाली डिफ-लॉकचं पेडल असतं; दाबलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. कारमध्ये असं लॉक थोड्याच गाड्यांना असतं. नव्या गाड्या घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून तेच काम निम्मंशिम्मं करतात. म्हणजे फोर बाय फोर असून पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं, आणि लॉक नसलं, तर गाडी तिथंच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या आतेभावानं एका उन्हाळ्यात सेकंडहँड फोर बाय फोर घेतली. महिनाभर गावातून तिच्याशिवाय दुसरा विषय नाही. पुढं पोळ्याच्या आधी पाच दिवस झड लागली. पोळ्याच्या सकाळी दाराला लावायच्या पळसाच्या डहाळ्या आणायला साहेब गाडी घेऊन वावराकडं निघाले, मागं तीन पोट्टे. दहा वाजता फोन. "भाऊ, ये न जरा. गाडी फसली."

मोटरसायकल डांबरावर ठेवून, चपला हातात घेऊन मी पांदणीनं गेलो. काळ्या मातीचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: दख्खनच्या काळ्या पाषाणाची ही माती, चिकणमातीचा अंश भरपूर, त्यातही मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज. ते पाणी पिऊन फुगतं. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच जमीन लोण्यासारखी होते. पायाला एक थर चिकटतो, त्यावर दुसरा, दहा पावलांत प्रत्येक पाय दोन किलोचा. गाडीच्या चारही चाकांचं तेच झालं होतं. रबर कुठं संपतं आणि माती कुठं सुरू होते ते दिसत नव्हतं. मी स्क्रूड्रायव्हरनं खाचा कोरून बघितल्या. आत पाव इंच मातीच्या खाली घासलेल्या खाचा, जेमतेम दोन मिलिमीटरच्या, आणि नक्षी डांबरावर पळायची. वरून हात फिरवला तर साबणाची वडी. त्यात बंडीच्या दोन चाकोऱ्या फूटभर खोल आणि मधला उंचवटा तसाच उभा. गाडीचं पोट त्या उंचवट्यावर टेकलेलं. चारही चाकं जवळजवळ लोंबकळत होती. आतेभावानं चार वेळा लो गिअर टाकून जोर दिला होता, त्यामुळे खड्डे आणखी खोल.

एरवी बैलजोडी लावून काढली असती. पण दिवस पोळ्याचा. शेजारच्या वावरातल्या म्हाताऱ्याचे बैल अंघोळ घालून, शिंगं रंगवून, झूल पांघरून तोरणाखाली जायला उभे. विचारायचं धाडस मी केलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच खाली बघितलं. "आज बैलाले जू नाई, भाऊ. उद्या ये." शेवटी ट्रॅक्टर आणला. त्यालाही मागच्या टायरमध्ये पाणी भरलेलं होतं आणि डिफ-लॉक दाबावं लागलं, तेव्हा कुठं गाडी मातीतून फसकन् सुटली. म्हातारेबुवा झुलीच्या घुंगरांवरून हात फिरवत म्हणाले, "हे फोर बाय फोर हाय म्हने?" आतेभाऊ गंभीरपणे म्हणाला, "हाय न. चारही चाकं सारखीच फिरून रायली होती."

त्या दिवसापासून मी हेच सांगतो. ड्राइव्ह म्हणजे इंजिनाची ताकद किती चाकांत वाटायची, एवढंच. जमिनीला धरायचं काम टायरचं. टायरनं सोडलं तर दोन चाकांना वाटा नाहीतर चारांना, हाती शून्यच.

थोडं नावांचं. लोक फोर बाय फोर आणि ऑल व्हील एकच समजतात. आमच्या भागातली फोर बाय फोर म्हणजे बहुतेक वेळा लिव्हर ओढून लावायची: एरवी मागची दोन चाकं, लिव्हर टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. जिम्नी अशीच, थारही अशीच. फक्त २०२३ पासून थार मागच्या दोन चाकांवर चालणारीही मिळते, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. ऑल व्हील ड्राइव्हला लिव्हर नसतं. मधे क्लच नाहीतर आणखी एक डिफरन्शियल असतं, आणि गाडी आपल्या मनानं जोर इकडं-तिकडं देते. बर्फाच्या शहरांत हीच जास्त, कारण तिथं एकाच रस्त्यावर दहा पावलं कोरडं डांबर आणि दहा पावलं बर्फ असतो. प्रत्येक वेळी लिव्हर कोण ओढत बसणार?

लिव्हरवाली कोरड्या डांबरावर फोरमध्ये चालवायची नसते, हे विकणारा सांगतो आणि घेणारा विसरतो. एक गुरुजी अशीच गाडी घेऊन आले. "स्टिअरिंग जड झालं, वळताना कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं वाटतं, आणि लिव्हर टू व्हीलमध्ये येतच नाही." शेगावहून सगळा डांबरी रस्ता फोरमध्ये आले होते, सुरक्षित वाटतं म्हणून! वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. शाफ्ट जखडलेले असले की तो फरक जाणार कुठं? मातीवर चाक थोडं घसरून घेतं. डांबरावर घसरत नाही आणि पीळ आत साठत जातो, घट्ट पिळलेल्या दोरखंडासारखा. मी पाना हातात घेतलाच नाही. गाडी गॅरेजमागच्या भुसभुशीत जागेवर घेतली, सरळ रेषेत दहा-बारा फूट मागं घेतली, आतून एक ठक आवाज आला, लिव्हर अलगद सुटलं. गुरुजींनी किती झाले विचारलं. मी चहा सांगितला.

आता बर्फाकडं. मनालीजवळचा अटल बोगदा २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही घरची सहाजणं मनालीला गेलो होतो. जानेवारी. त्या दिवशी रस्ता खुला होता, म्हणून दोन टॅक्सींनी बोगद्यातून पलीकडं सिस्सूला निघालो. आमची टॅक्सी अगदी लहान, पुढची चाकं ओढणारी, आपल्याकडं बँकेतले लोक घेतात तसली. बोगद्याबाहेर पडल्यावर रस्त्यावर बर्फ दाबून दाबून टणक झालेला. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, डिकीतून साखळ्या काढल्या आणि पुढच्या दोन चाकांना चढवल्या. पुढच्याच. ओढतात त्या चाकांना साखळी लागते, हे तो एकही शब्द न बोलता दाखवत होता. दहा मिनिटं, बोटं लाल झालेली. मग दुसऱ्या गिअरमध्ये, बैलबंडीच्या चालीनं.

मागून एक मोठी फोर बाय फोर आली, मैदानी भागातली, साखळी नाही. आम्हाला ओलांडून झपकन् पुढं गेली. बरोबरच होतं तिचं: चारही चाकं जोर लावत होती, निघायला काहीच अडचण नव्हती. पुढं उताराचं वळण आलं. ब्रेकचे दिवे लागले, चाकं थांबली, गाडी थांबली नाही. स्टिअरिंग उजवीकडं आणि गाडी सरळ. कडेच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून ती शांतपणे उभी राहिली. सुदैवानं कोणाला काही झालं नाही. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "साब, रोकने को तो सबके पास चार ही पहिये हैं।"

परदेशातल्या पोरांनी हे वाक्य काचेवर चिकटवून ठेवावं. ब्रेक सगळ्याच गाड्यांचे चारही चाकांना असतात. ऑल व्हील ड्राइव्ह निघायला मदत करते, थांबायला नाही आणि वळायला फारशी नाही. कोरड्या डांबरावर टायरची पकड ०.७ ते ०.८ धरली, तर दाबलेल्या बर्फावर ती ०.२ ते ०.३ आणि गुळगुळीत काचबर्फावर ०.१ च्या आसपास. म्हणजे जिथं वीस मीटरमध्ये थांबत होतात तिथं साठ-सत्तर, काचबर्फावर त्याच्या दुप्पट. चार चाकांच्या ओढीनं यातलं एक मीटरही कमी होत नाही. उलट नुकसान असं की गाडी सहज सुटते, म्हणून चालवणाऱ्याला रस्ता किती निसरडा आहे त्याचा अंदाजच येत नाही. दोन चाकांची गाडी निघतानाच भिरभिरून सांगते, बाबा, सांभाळ.

पुतणी मॉन्ट्रियलला गेली तेव्हा तिलाही ऑल व्हीलच घ्यायची होती. सोबतच्या सगळ्या तेच सांगत होत्या. पैसे बेताचे. मी विचारलं, राहतेस कुठं? शहरात, सपाट भागात. रस्ते साफ होतात? होतात, तिथं दर हिवाळ्यात साधारण दोन मीटर बर्फ पडतो, पण नगरपालिकेची यंत्रंही तशीच. ढीग उचलायला येण्याआधी गाडी हटवा म्हणून पाटी लावतात, आणि तरी हटवली नाही तर भोंगा वाजवत गाडी उचलून नेतात. मग म्हटलं, सेकंडहँड पुढच्या ओढीची घे आणि वाचलेल्या पैशातून चार हिवाळी टायर घे, वेगळ्या लोखंडी रिमवर बसवलेले. म्हणजे दर मोसमात टायर उतरवायची-चढवायची मजुरी वाचते, नुसती चाकं बदलायची.

तिकडं क्युबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियलच्या प्रांतात, १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानंच सक्तीचे आहेत. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह बघायचं. हे टायर वेगळे कशानं? आपलं साधं रबर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. उणे वीसला ते गाडीच्या टायरपेक्षा बंडीच्या लोखंडी धावेच्या जवळचं. हिवाळी टायरचं रबर तेवढ्या थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या ठोकळ्यांवर ब्लेडनं चिरल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. त्या उघडून बर्फाला धारेनं धरतात. आणि हो, चारच घ्यायचे. ओढतात म्हणून पुढच्या दोघांनाच घातले, की ब्रेक मारल्यावर पुढचं धरतं, मागचं वळसा घेऊन पुढं येतं.

पहिला हिवाळा सुरळीत गेला. दुसऱ्या जानेवारीत एकदा दुपारी साडेतीनला फोन आला, म्हणजे तिच्याकडं पहाटेचे पाच. ड्युटीला निघाली होती. रात्री बर्फ काढणारं यंत्र रस्त्यावरून गेलं आणि तिच्या गाडीसमोर गुडघाभर बांध घालून गेलं. नांगरटीनंतर धुऱ्यावर माती चढते तसं. पुढची चाकं फिरत होती, गाडी हलत नव्हती, आणि ती रडायच्या बेतात. मी म्हटलं, आधी पाय काढ. फिरवत राहिलीस तर खालचा बर्फ वितळून काच होईल. स्टिअरिंग सरळ कर, फावड्यानं चाकांपुढची वाट मोकळी कर, चाक घसरलं की जोर आपोआप कापणारं ट्रॅक्शन कंट्रोल बटण दाबून तेवढ्यापुरतं बंद कर. आणि चाकाखाली पऱ्हाटी टाक.

पलीकडं शांतता. मग एकदम हसायला लागली. "काका, मॉन्ट्रियलमध्ये पऱ्हाटी कुठून आणू?"

सवयच तशी. इथं वावरात गाडी फसली की धुऱ्यावरच्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, नाहीतर तुराट्या, आडव्या टाकून त्यावरून काढायची. तिच्या शेजारच्या बाईंनी खिडकीतून तमाशा बघितला आणि मांजराच्या शीच्या डब्यात टाकायची खडीसारखी भुकटी असते ती पिशवीभर आणून चाकांपुढं पसरली. गाडी पहिल्या झटक्यात बाहेर. आता तिच्या डिकीत एक फावडं आणि एक पिशवी कायम असते. मांजर नाही, भुकटी आहे.

तिच्याकडून मीही दोन गोष्टी शिकलो. एक, बर्फ सगळ्यात जास्त घसरवतो तो कडाक्याच्या थंडीत नव्हे, शून्याच्या आसपास, वर पाण्याचा पातळ थर असतो तेव्हा. उणे वीसला तो पायाखाली करकरतो आणि चाकालाही बरा धरतो. दुसरी, हवा. बंद गॅरेजात वीस अंशांना भरलेली हवा बाहेर उणे वीसला सहा-सात पीएसआयनं उतरते. पहिल्या थंडीत तिनं पंक्चर समजून टायर दुकानात नेला होता.

आता मला या सगळ्यात सगळ्यात मजेशीर वाटलेली गोष्ट. तिनं एकदा टायर कॅमेऱ्यापुढं धरला आणि म्हणाली, "बघा काका, खाचांत बर्फ अडकलाय." मी लगेच म्हटलं, काढ तो कोरून, पोळ्याच्या दिवशी मी काढला होता तसा. ती म्हणाली, नाही, तो असाच हवा! बर्फ बर्फाला धरतो. खाचांत दाबून बसलेला बर्फच रस्त्यावरच्या बर्फाला चिकटतो, आणि त्यातून पकड मिळते. मी बराच वेळ गप्प बसलो. गाऱ्यात चालायचा टायर असा हवा की खाचा मोठ्या, लांब लांब, आणि फिरताना चिखल झटकून टाकणाऱ्या. बर्फावरचा टायर बर्फ धरून ठेवणारा. म्हणजे आमच्या पांदणीत राजा असलेला मोठ्या गठ्ठ्यांचा चिखलाचा टायर, तिच्या काचबर्फावर पार निकामी: गठ्ठे मोठे, चिरा नाहीत, धार नाही. आणि तिचे मऊ हिवाळी टायर आमच्या मे महिन्यातल्या डांबरावर घातले तर एका मोसमात खोडरबरासारखे झिजतील. गाडी एकच असू शकते, टायर एक असू शकत नाही. मला तीस वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं; कोणी सांगणार तरी कसं, इथं बर्फ बघितलाय कोणी?

तर मग चार चाकांची ओढ कोणी घ्यावीच नाही? घ्यावी की. पुतणीची एक मैत्रीण शहराच्या उत्तरेला लॉरेन्शियन डोंगरात राहते. घरापर्यंत खडा चढ, तो खासगी, नगरपालिकेचं यंत्र तिथं येत नाही. मघाशी म्हटलं ना, चढावर पुढची चाकं हलकी पडतात. तिला ऑल व्हीलच हवी, हिवाळी टायरांसकट. आपल्याकडं मेळघाटात धारणीच्या आतल्या गावांत ज्यांना पावसाळ्यात रोज ड्युटीला जायचं आहे, त्यांनी खुशाल फोर बाय फोर घ्यावी. फक्त वाहत्या नाल्याशी पैज लावू नये. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी सरकवतं, दोन फुटांत मोठ्या गाड्याही जातात. पाण्यावर तरंगणाऱ्या गाडीला किती चाकं ओढतात, याला काही अर्थ नसतो.

खर्चाचं थोडक्यात. जास्तीचा शाफ्ट, जास्तीचं डिफरन्शियल, त्यांचं वेगळं तेल, आणि थोडं जास्त पेट्रोल. ऑल व्हीलवाल्याला चारही टायर जवळपास सारखे झिजलेले लागतात, नाहीतर मधला क्लच सतत घासत राहतो. दोन आता, दोन पुढच्या कापसाला, हा आपला हिशेब तिथं चालत नाही. आणि लिव्हरवाली घेतली तर महिन्यातून एकदा मातीवर फोर लावून थोडी फिरवा. सालभर न लावलेलं लिव्हर ऐन झडीत जाम निघतं. असे दोन-तीन तरी पावसाळ्यात माझ्याकडं येतात.

यंदा मृगात आमच्याच पांदणीवर वावर असलेले एक मुख्याध्यापक आले. जुनी पुढच्या ओढीची गाडी विकून फोर बाय फोर घ्यायची होती. मी नेहमीचं विचारलं, कुठं फसते, किती दिवस? ते खुर्चीत बसून बोटांवर मोजायला लागले. मागच्या सालचं आठवून आठवून अकरा दिवस निघाले, सगळे झडीतले, सगळे त्या एका पांदणीतल्या शेवटच्या दीडशे पावलांत. अकरा दिवसांसाठी सात-आठ लाख. ते स्वतःशीच हसले. मी त्यांच्या जुन्या गाडीला चार नवे टायर बसवून दिले, थोड्या मोठ्या खाचांचे. मग त्यांनी पांदणीवरच्या सगळ्या वावरवाल्यांना गोळा केलं, वर्गणी काढली, आणि त्या दीडशे पावलांवर दगड पसरून वरून मुरूम टाकला. ट्रॉल्या मोजायला मी होतो; सतरा झाल्या.

मुरूम दाबून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावरून सगळ्यात आधी आतेभावाची फोर बाय फोर गेली. त्याची वर्गणी तेवढी अजून यायची आहे.